आयपी म्हणतो चेन्नई, नावांची यादी म्हणते कुंभकोणम

कुंभकोणममध्ये बसून फोनवर ‘माझा आयपी ॲड्रेस कुठला’ असं शोधलं, तर उत्तरात बरेचदा चेन्नईचं नाव येतं. कावेरीकाठचं हे देवळांचं शहर चेन्नईपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. म्हणजे मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर असलेला माणूस नकाशावर भलत्याच ठिकाणी दिसतो. ते पाहून काहींना हायसं वाटतं: आपण नेमके कुठे आहोत हे इंटरनेटला कळतच नाही! दुसरीकडे व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरत असतो: फोनमधला डीएनएस बदला, परदेशातला टाका, मग तुम्ही कुठून काय पाहता हे कुणालाही कळणार नाही.

हा दिलासा फसवा आहे आणि तो सल्ला अर्धवट आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. आयपी ॲड्रेस, डीएनएस सर्व्हरची जागा आणि आपलं खासगीपण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण त्यांची मोट बांधतो. त्या सुट्या करून पाहिल्या की कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, हे स्पष्ट होतं.

आयपीवरून गाव कसं ठरतं

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला उत्तर परत मिळण्यासाठी एक क्रमांक लागतो. तोच आयपी ॲड्रेस. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, असे सुमारे ४३० कोटीच क्रमांक आहेत आणि ते जगाला कधीच अपुरे पडले. म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरच्या जगासाठी एकाच क्रमांकामागे उभं करतात. कुंभकोणम, तंजावर आणि मयिलाडुतुरै इथले फोन एकाच क्रमांकाने बाहेर पडू शकतात आणि ते बाहेर पडण्याचं दार चेन्नईत असू शकतं. नव्या आयपीव्ही६ मध्ये क्रमांकांचा तुटवडा नाही. भारतात त्याचा वापरही मोठा आहे. पण तिथेही क्रमांकांचे गट कंपनीच्या मंडळानुसार वाटलेले असतात, गावानुसार नव्हे.

क्रमांकात गावाचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं. काही खासगी कंपन्या अंदाज बांधून याद्या तयार करतात आणि त्या विकतात. हे अंदाज किती चुकू शकतात, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं आहे. मॅक्समाइंड ही अशा याद्या बनवणारी कंपनी. एखादा क्रमांक अमेरिकेतला आहे एवढंच ठाऊक असेल, तर ती देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू नोंदवायची. त्या बिंदूवर पॉटविन गावाजवळचं एक शेतघर होतं. साठ कोटींहून अधिक क्रमांक त्या घरावर नोंदले गेले. तिथल्या रहिवाशांच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस, तपास अधिकारी आणि संतापलेले लोक येत राहिले. हा प्रकार २०१६ मध्ये उघड झाला. त्यानंतर कंपनीने तो बिंदू हलवून एका तलावात नेला.

म्हणून आयपीवरून दिसणारं गाव हा केवळ कयास असतो. मात्र तुमच्या कंपनीसाठी तो कयास नाही. कोणत्या मिनिटाला कोणता क्रमांक कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद तिच्याकडे असते. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने परवान्याच्या अटी बदलल्या आणि अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं सक्तीचं केलं. जगाला चेन्नई दिसत असलं, तरी कंपनीला तुमचं सिमकार्ड दिसतं.

नाव विचारण्याचा प्रवास

आता डीएनएसकडे वळू. माणसं संकेतस्थळाचं नाव लक्षात ठेवतात, यंत्रांना क्रमांक लागतो. १९८३ पर्यंत ही सगळी नावं एकाच फाइलमध्ये होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत आणि बाकीचे संगणक ती उतरवून घेत. जाळं वाढलं तशी ही पद्धत मोडकळीला आली. त्या वर्षी पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम म्हणजे डीएनएसची रचना मांडली. तिच्यात नावांचा कारभार एका हाती न ठेवता जगभर वाटून दिलेला आहे.

समजा, कुंभकोणममध्ये कुणी तंजावर जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ उघडलं. त्याच्या नावाच्या शेवटी ‘एनआयसी डॉट इन’ असं आहे. एनआयसी म्हणजे सरकारी नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर. फोन आधी आपल्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीने शोध घेणारा डीएनएस सर्व्हर. बहुतेक वेळा तो मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीचाच असतो. त्याच्याकडे उत्तर आधीपासून साठवलेलं नसेल, तर तो सर्वांत वरच्या रूट सर्व्हरला विचारतो. रूट सर्व्हर ‘डॉट इन’ची नोंद कुठे आहे ते सांगतो. ‘डॉट इन’ची यादी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सी या संस्थेकडे आहे. तिथून ‘एनआयसी’चा पत्ता मिळतो आणि एनआयसीच्या सर्व्हरकडून शेवटचा क्रमांक. हे सगळं क्षणार्धात होतं.

रूट सर्व्हरची नावं १३ आहेत, ए पासून एम पर्यंत, आणि ती १२ संस्था चालवतात. पण यंत्रं तेवढीच आहेत असं नाही. एकच पत्ता अनेक ठिकाणच्या यंत्रांना देऊन जवळच्याने उत्तर द्यायचं, अशी एनीकास्ट नावाची सोय आहे. त्यामुळे रूट सर्व्हरच्या प्रती आज जगात दीड हजारांहून अधिक ठिकाणी आहेत. भारतात २००५ च्या सुमाराला निक्सीच्या पुढाकाराने मुंबईत आय, दिल्लीत के आणि चेन्नईत एफ या रूट सर्व्हरच्या प्रती बसल्या. म्हणजे कुंभकोणमचा प्रश्न अमेरिकेला जायलाच हवा, असं मुळीच नाही.

कुणाला काय दिसतं

खासगीपणाचा खरा प्रश्न या प्रवासात आहे. त्यातल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी दिसतं.

रिझॉल्व्हरला तुमचा आयपी, तुम्ही विचारलेलं नाव आणि वेळ हे तिन्ही दिसतं. संपूर्ण साखळीत सर्वांत जास्त माहिती त्याच्याकडे जाते. रूट सर्व्हर, निक्सी किंवा एनआयसी यांच्या सर्व्हरला बहुधा फक्त रिझॉल्व्हरचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. आणि ज्या संकेतस्थळावर तुम्ही शेवटी पोचता, त्याला तुमचा आयपी दिसतोच. तुम्ही डीएनएस चेन्नईचा वापरा, झुरिकचा वापरा किंवा कॅलिफोर्नियाचा, त्याने यात काडीचाही फरक पडत नाही. डीएनएस फक्त क्रमांक सांगून बाजूला होतो. त्यानंतरची जोडणी तुमच्या फोनपासून थेट त्या संकेतस्थळापर्यंत असते.

व्हॉट्सॲपवरचा सल्ला चुकतो तो इथेच. डीएनएस बदलल्याने आयपी बदलत नाही आणि लपतही नाही. बदलतं एवढंच, की तुम्ही विचारलेल्या नावांची यादी कुणाच्या हाती जाते.

आता ही यादी किती बोलकी असते ते पाहा. त्यासाठी कुंभकोणमच्या आसपासच्या एखाद्या मराठी घराचं उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि मराठी कुटुंबं कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, पण ती कुटुंबं तिथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव अशाच तंजावरी मराठी घरातले. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमलाच झाला. तंजावरी मराठी बोलणारी घरं आजही या भागात आहेत.

अशा एखाद्या घरातल्या फोनच्या दिवसभराच्या नावांची कल्पना करा. सकाळी सिटी युनियन बँकेचं नाव. ही बँक १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ म्हणून सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही कुंभकोणमला आहे. मग तंजावर जिल्ह्याचं संकेतस्थळ, एका मराठी दैनिकाचं नाव, एका तमिळ दैनिकाचं, स्पर्धा परीक्षा घेणाऱ्या मंडळाचं, मधुमेहाची औषधं घरपोच देणाऱ्या दुकानाचं, एका विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळाचं. शिवाय आपण फोनला हात लावला नाही तरी आतली ॲप्स आपापली नावं विचारतच असतात. कोणतं पान वाचलं ते यात कळत नाही, फक्त संकेतस्थळाचं नाव कळतं. पण तेवढं पुरेसं असतं. आयपीवरून दिसलं होतं चेन्नई. यादीवरून दिसतं कुंभकोणमच्या आसपासचं एक मराठी कुटुंब, त्यात लग्नाच्या वयाचं एक मूल, परीक्षेची तयारी करणारं दुसरं आणि मधुमेह असलेलं कुणीतरी वडीलधारं.

म्हणून आयपीवरचं गाव चुकलं यात समाधान मानण्यासारखं काही नाही. माणसाची ओळख त्या क्रमांकापेक्षा त्याने विचारलेल्या नावांतून अधिक उघडी पडते.

सर्व्हर जवळ असावा की दूर?

आपला डीएनएस सर्व्हर कुठे आहे, हे सांगणारी चाचणी-संकेतस्थळं असतात. ती तुमच्या फोनला एक असं नाव विचारायला लावतात, जे आधी कुणीच विचारलेलं नाही. मग ते नाव विचारायला कोणता रिझॉल्व्हर आला, हे त्यांना आपल्या सर्व्हरवर दिसतं. अशा चाचणीत आयपी चेन्नईचा आणि डीएनएस मुंबईचा किंवा सिंगापूरचा दिसला की लोक घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. कंपनीने आपले रिझॉल्व्हर दुसऱ्या शहरात ठेवले असतील किंवा एनीकास्टचा मार्ग त्या क्षणी तिकडून गेला असेल.

मात्र तुम्ही व्हीपीएन वापरत असाल, तर या चाचणीला महत्त्व आहे. व्हीपीएनमध्ये सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमधून बाहेर पडते, त्यामुळे संकेतस्थळाला तुमचा खरा आयपी दिसत नाही. पण व्हीपीएन चालू असूनही चाचणीत तुमच्याच मोबाइल कंपनीचा रिझॉल्व्हर दिसला, तर नावांची यादी जुन्याच वाटेने बाहेर जाते आहे. याला डीएनएस गळती म्हणतात. ती बंद केल्याशिवाय व्हीपीएनचा अर्धा उपयोग वाया जातो.

जवळच्या सर्व्हरचा मुख्य फायदा वेगाचा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे कुंभकोणम ते चेन्नई जाऊन येणं तीन-चार मिलिसेकंदांचं काम आहे. कॅलिफोर्नियाला जाऊन यायला दोनशेहून अधिक मिलिसेकंद लागतात. शिवाय मोठी संकेतस्थळं आपल्या प्रती अनेक शहरांत ठेवतात आणि रिझॉल्व्हर जिथला, तिथली जवळची प्रत देतात. रिझॉल्व्हर परदेशातला निवडला, तर चेन्नईत असलेला व्हिडिओ तिकडून मागवला जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणून एक पद्धत निघाली. तिचं तांत्रिक वर्णन २०१६ मध्ये आरएफसी ७८७१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झालं. तिच्यात रिझॉल्व्हर तुमच्या आयपीचा पुढचा भाग संकेतस्थळाच्या डीएनएस सर्व्हरला कळवतो, म्हणजे तुमचा परिसर समजावा. आयपीव्ही४ मध्ये हा भाग सहसा ३२ पैकी २४ बिटांचा असतो. म्हणजे तुमचा नेमका क्रमांक नव्हे, पण २५६ क्रमांकांचा तुमचा गट. गूगलची ८.८.८.८ ही सेवा ही पद्धत मानणाऱ्या सर्व्हरना हा भाग पाठवते. क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही सेवा तो पाठवत नाही. थोडा वेग आणि थोडं खासगीपण यांची ही देवाणघेवाण आहे आणि ती आपल्या नकळत होत असते.

देश कोणता, कायदा कोणता

जागेला महत्त्व येतं ते कायद्यामुळे. भारतात कंप्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम म्हणजे सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. संगणकांवरच्या नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि व्हीपीएन, क्लाउड व डेटा सेंटर चालवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायची, अशी तरतूद त्यात होती. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनने मात्र भारतीय आयपी देणं थांबवलं नाही. ते देणारी यंत्रं सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये होती, क्रमांक भारताचे. यंत्र एका देशात आणि आयपी दुसऱ्या देशाचा, हे किती सहज होऊ शकतं ते यावरून दिसतं.

क्वाड९ या विनानफा डीएनएस सेवेचा अनुभवही बोलका आहे. कडक खासगीपणाच्या कायद्यासाठी ती २०२१ मध्ये अमेरिकेतून स्वित्झर्लंडला गेली. तरी त्याच वर्षी सोनी म्युझिकच्या तक्रारीवरून हॅम्बुर्गच्या न्यायालयाने तिला एक संकेतस्थळ अडवण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या न्यायालयात निकाल क्वाड९ च्या बाजूने लागला, पण लढाई दोन वर्षांहून अधिक चालली. देश बदलल्याने कायद्याची पकड सैल होऊ शकते, पण ती सुटेलच याची खात्री नसते.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याचीही तरतूद आहे. नागरिकांनी हे दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

उघडा प्रश्न, बंद प्रश्न

सर्व्हरच्या जागेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्न तिथपर्यंत कसा जातो. मूळ डीएनएसमध्ये तो पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाटेतला कुणीही तो वाचू शकतो: लॉजचा वाय-फाय राउटर चालवणारा, मोबाइल कंपनी, मधली केबल सांभाळणारा. तुम्ही फोनमध्ये १.१.१.१ एवढाच आकडा लिहिला, तर प्रश्न पोचतो क्लाउडफ्लेअरकडे, पण उघडाच. मोबाइल कंपनीला तो पूर्वीसारखाच वाचता येतो, वर आणखी एका कंपनीला तो मिळतो.

यावर दोन उपाय प्रमाणित झाले: २०१६ मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस आणि २०१८ मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस. दोन्हींमध्ये फोनपासून रिझॉल्व्हरपर्यंत प्रश्न कूटबद्ध होऊन जातो. यालाही मर्यादा आहेत. रिझॉल्व्हर तो वाचतोच, नाहीतर उत्तर कसं देणार? आणि जोडणी सुरू होताना बहुतेक वेळा संकेतस्थळाचं नाव पुन्हा एकदा उघडं जातं. तेही झाकणारी ईसीएच नावाची पद्धत आता येऊ लागली आहे, पण ती सगळीकडे नाही. डीएनएसएसईसी हे नावही कानावर येतं. ते उत्तर खरं आहे याची हमी देतं, प्रश्न मात्र लपवत नाही.

रिझॉल्व्हर चुकीच्या हाती गेला तर काय होतं, हे २०११ मध्ये जगाने पाहिलं. डीएनएसचेंजर नावाच्या कुप्रोग्रॅमने सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस गुपचूप बदलले होते. लोक नाव बरोबर टाकत, पण उत्तर त्यामागच्या टोळीच्या सर्व्हरकडून येई आणि ते त्यांना भलत्याच ठिकाणी नेई. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्टोनियात या टोळीला अटक झाली. म्हणून व्हिडिओखालच्या टिप्पणीत किंवा कुठल्याशा ग्रुपवर आलेला अनोळखी डीएनएस आकडा फोनमध्ये कधीही टाकू नका.

मग करायचं काय?

अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असा पर्याय आहे. तिथे आकडा नव्हे, तर निवडलेल्या सेवेने तिच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेलं सर्व्हरचं नाव लिहायचं. मग प्रश्न कूटबद्ध होऊन जातात. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून सेवेची प्रोफाइल बसवून हे करता येतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्येही ‘सिक्युअर डीएनएस’ची सोय आहे. लॉजच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर लॉगिनचं पान उघडलं नाही, तर प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरता बंद करावा लागेल. काम झालं की तो पुन्हा चालू करायचा.

सेवा निवडताना तिचं गोपनीयता धोरण वाचा. नोंदी किती काळ ठेवते, त्यात पूर्ण आयपी असतो का, माहिती कुणाला देते आणि तिच्या दाव्यांची बाहेरच्या कुणी तपासणी केली आहे का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. आयपीच लपवायची खरी गरज असेल, तर व्हीपीएन किंवा टॉर नावाचं नेटवर्क लागेल. डीएनएस बदलून ते होणार नाही. आणि व्हीपीएन घेतलं, तर विश्वासाचा प्रश्न त्या कंपनीपाशी येतो. तो नाहीसा होत नाही.

२०२८ मध्ये कुंभकोणमला महामहम भरेल. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वणीला लाखो लोक येतील आणि त्यांतले बरेच जण अनोळखी वाय-फायला फोन जोडतील. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी घरच्या घरी प्रायव्हेट डीएनएस चालू करावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरही तो बसवून द्यावा. सर्व्हर नकाशावर कुठे आहे, हे दुय्यम आहे. तो कुणाचा आहे, काय नोंदवतो आणि आपला प्रश्न त्याच्यापर्यंत बंद जातो की उघडा, हे आधी विचारा.